अतिवृष्टीचं अनुदान गावात कोणाला किती आलं, यादी कशी काढायची

अनुदान पडायला लागलं की गावात दोनच प्रश्न असतात, माझं का नाही आलं आणि त्याला एवढं कसं आलं. दोन्हीचं उत्तर लाभार्थी यादीत असतं. ती यादी मागायला कुणाच्या पाया पडायची गरज नाही, कारण महसूल विभागाच्या मदतीच्या जीआरमध्येच लिहिलेलं असतं की ज्यांना मदत वाटली त्यांची यादी आणि तपशील जिल्ह्याच्या वेबसाईटवर टाकावा. जीआरचं ते पान मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, पुढे प्रत्येक टेबलावर तेच दाखवायचंय.

आधी स्वतःचा हिशोब करा. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मदत मिळते. २०२५ मध्ये हेक्टरी दर जिरायत ८,५००, बागायत १७,०००, फळबाग २२,५०० रुपये होते. पण शेजाऱ्याच्या मागच्या वर्षीच्या आकड्यावर जाऊ नका, जानेवारी २०२४ च्या जीआरने हेच दर १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले होते, २०२५ ला परत जुने आले, आणि हेक्टरची मर्यादा पण कधी २ तर कधी ३. त्यामुळे ज्या महिन्यातलं नुकसान त्याचाच जीआर बघा.

व्हीके नंबर (मदतीच्या यादीतल्या शेतकऱ्याला मिळणारा विशिष्ट क्रमांक) आला असेल तर सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाईन सेवा केंद्रावर) केवायसीचा, म्हणजे ओळख पटवायचा, अंगठा लावायच्या आधी स्क्रीनवरचा गट नंबर, क्षेत्र आणि रक्कम नीट वाचा, चूक असेल तर तिथेच तक्रार टाका. २०२५ ला फार्मर आयडीवाल्यांना केवायसीतून सूट मिळाली, हेलपाटा वाचला हे चांगलंच, पण पैसे पडायच्या आधी बघायची ती एक संधीही गेली, म्हणून त्यांनी तर यादी नक्कीच बघावी.

आता यादी. जिल्ह्याच्या वेबसाईटवर सापडली तर उत्तम. नसेल तर तहसीलला साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. तरी हलले नाहीत तर माहिती अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, आणि कलम ४(१)(ख)(बारा) चा उल्लेख करा, त्यात अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारने स्वतःहून जाहीर करायचा असतो. मागायचं एवढंच: गावाचं नाव, लाभार्थी, गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम, आणि पंचनाम्याची प्रत. आधार किंवा बँक खात्याचा नंबर अजिबात मागू नका, त्या एका कारणाने अख्खा अर्ज अडकवतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

यादी हातात आली की सातबारा आणि ई-पीक पाहणी शेजारी ठेवून बसा. सातबाऱ्यापेक्षा जास्त क्षेत्र, एकच नाव दोनदा, गावात नसलेला गट नंबर, हे आधी शोधा. जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगीकडे २०२५ मध्ये जे उघडं पडलं ते असंच होतं, जमीन नसलेल्यांच्या नावावर पैसे, डबल पैसे, आणि त्यात तलाठी निलंबित झाले. पण लगेच कुणाला चोर म्हणू नका, सातबारा सामाईक असेल तर एकाच्याच नावावर सगळी रक्कम पडलेली असू शकते, आधी त्या घरी जाऊन विचारा. तरी जुळत नसेल तर यादीतला अनुक्रमांक टाकून तहसीलदारांकडे लेखी तक्रार, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, आणि ग्रामसभेत यादीचं वाचन लावून घ्या.