खाडीतली जेट आउटबोर्ड : नव्या मिस्त्रींसाठी अनुभवाच्या चार गोष्टी

मुंबईच्या कोळीवाड्यांत लहान होड्यांच्या मागच्या फळीला टांगलेल्या आउटबोर्ड मोटारी बहुतेक सगळ्या पंख्याच्या असतात. मात्र ओहोटीला जिथे चिखल उघडा पडतो, अशा खाडीच्या उथळ पाण्यात फिरणाऱ्या हलक्या फायबर होड्यांवर एखादी जेट मोटारही पाहायला मिळते, आणि ती नीट दुरुस्त करू शकणारे हात फार थोडे आहेत. आउटबोर्डच्या दुरुस्तीत नव्याने उतरणाऱ्या मुलामुलींना हे काम शिकावेसे वाटावे, म्हणून हा अनुभव लिहून ठेवत आहे. जेट मोटारीची तक्रार नेहमी इंजिनाची म्हणून येते, पण तिचे मूळ बहुधा पाण्याच्या वाटेत असते. हे ध्यानात ठेवले तर पुढचे सारे शिकणे सोपे जाते.

पंख्याच्या मोटारीत उभा शाफ्ट खालच्या गिअरपेटीत उतरतो आणि तिथून आडवी फिरकी पंख्याला मिळते. जेटमध्ये ही गिअरपेटीही नसते आणि पंखाही नसतो. उभ्या शाफ्टच्या टोकाला थेट इम्पेलर, म्हणजे पाणी खेचणारे पात्यांचे चाक, बसवलेला असतो. तो तळाच्या जाळीतून पाणी वर खेचतो आणि वळणदार घरातून मागच्या तोंडावाटे जोराने बाहेर फेकतो. पाण्याच्या झोताने होडी ढकलण्याची ही रीत न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात तिथल्या उथळ, खडकाळ नद्यांसाठी विकसित केली, आणि अलास्कासारख्या प्रदेशातल्या नद्यांवर जेट आउटबोर्ड आजही मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. तळाखाली काहीच लोंबत नसल्यामुळे वीतभर पाण्यातूनही होडी निघून जाते, पण त्याची किंमत ताकदीत मोजावी लागते. पंपात सुमारे तीस टक्के जोर खर्ची पडतो. म्हणूनच ६० अश्वशक्तीच्या इंजिनाला पंप लावला की ती मोटार ४० ची म्हणून विकली जाते आणि ११५ ची ८० ची म्हणून.

एखादा नाखवा जेट घ्यावी का असे विचारायला आला, तर त्याला हे आकडे स्पष्ट सांगणे हा मी मिस्त्रीच्या कामाचाच भाग मानतो. जड लाकडी होडी, भरलेली जाळी आणि खाडीबाहेरची ओढ असे काम असेल, तर जेट त्याचे नुकसानच करील, कारण हा पंप पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या, सपाट तळाच्या होडीसाठी आहे. शिवाय तळाचा मधला कणा थेट पंपाच्या तोंडापर्यंत आला असेल, तर त्याच्यामागे उठणारे बुडबुडे पंपात शिरतात आणि मोटार कितीही चांगली असली तरी ढकल मिळत नाही.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगतो. आयटीआयमधला डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम हा चांगला पाया आहे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या वर्सोवा येथील प्रशिक्षण केंद्रात मासेमारी, नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल एकत्र शिकवणारा सहा महिन्यांचा वर्ग चालतो. ज्यांना अधिक खोलवर जायचे आहे, त्यांच्यासाठी कोची, चेन्नई आणि विशाखापट्टणम येथे सिफनेट या केंद्र सरकारच्या मत्स्य प्रशिक्षण संस्थेचा दोन वर्षांचा मरीन फिटर अभ्यासक्रम आहे. जेट पंप मात्र हाताळूनच शिकावा लागतो, आणि त्यासाठी त्या मोटारीची सर्व्हिस पुस्तिका समोर उघडी ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

आता मूळ विषयाकडे येतो. तक्रार बहुधा एकाच शब्दांत येते : “इंजिन ओरडतंय, पण होडी पळत नाही.” अशा वेळी प्लग काढण्याआधी, कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी, होडी पाण्यात नेऊन फेऱ्यांचा आकडा पाहावा. बहुतेक फोर-स्ट्रोक आउटबोर्डना पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ५००० ते ६००० फेरे अपेक्षित असतात. नेमकी मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. फेरे मर्यादेच्या वर जात आहेत आणि तरी ढकल नाही, याचा अर्थ इंजिन निरोगी आहे, पण इम्पेलरला पुरेसे पाणी मिळत नाही किंवा मिळालेले त्याच्या कडेवरून निसटते आहे. याउलट फेरे चढतच नसतील, तर इंजिनाकडे वळावे, किंवा शाफ्टभोवती काही गुंडाळले गेले आहे का ते पाहावे. हा एक आकडा निम्मे काम करतो, आणि तो न पाहता केलेल्या दुरुस्तीचे पैसे गरीब होडीवाल्याच्या खिशातून जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ठाण्याच्या खाडीत काम करणाऱ्या एका होडीचे उदाहरण देतो. तिचे प्लग बदलून झाले होते, इंधनाची नळी बदलून झाली होती, आणि तरी भर खाडीत गेल्यावर जोर जायचा. किनाऱ्यावर आणून मोटार वर उचलली की जाळी स्वच्छ दिसायची. त्या दिवशी आम्ही पाण्यातच थांबलो. जोर गेला, पंपातून खडी दळल्यासारखा आवाज सुरू झाला, आणि इंजिन बंद करताच जाळीखालून दुधाच्या पिशवीचा एक फाटका तुकडा हळूच सुटून वर आला. इंजिन चालू असेपर्यंत ओढीने तो जाळीला चिकटून राहायचा आणि बंद होताच गळून पडायचा, त्यामुळे जमिनीवर पाहणाऱ्याला तो कधीच सापडला नसता. मुंबईच्या खाड्यांत प्लास्टिक इतके आहे की जोर जाताच आधी इंजिन बंद करून क्षणभर थांबणे आणि मग पुन्हा सुरू करणे, ही सवय प्रत्येक जेटवाल्या तांडेलाला सांगायलाच हवी. त्याच होडीच्या शाफ्टवर नायलॉनच्या जाळ्याचा दोराही गुंडाळलेला मिळाला. तो वरून दिसत नव्हता. पंपाचे खालचे घर उतरवून बारीक आकड्याने एकेक वेढा सोडवावा लागला. असा दोरा तसाच राहिला तर तो बेअरिंगच्या सीलपर्यंत पोहोचतो आणि तिथून खरा खर्च सुरू होतो.

ढकल न मिळण्याचे दुसरे कारण इम्पेलर आणि त्याच्या बाहेरच्या लायनरमधली (घराच्या आतल्या अस्तरामधली) फट. ही फट साधारणपणे एक इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर असावी लागते. ती फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) इम्पेलरच्या प्रत्येक पात्यापाशी, शाफ्ट हाताने थोडा थोडा फिरवत मोजावी, कारण एका बाजूला फट कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त आली, तर झीज इम्पेलरची नसून बेअरिंगची असण्याची शक्यता असते. आपल्या खाडीचे पाणी गाळाने भरलेले असते आणि तो गाळ पात्यांच्या कडा सतत घासत राहतो. म्हणून स्वच्छ नदीसाठी लिहिलेल्या वेळापत्रकापेक्षा इथे फट अधिक वेळा मोजावी. लायनर निमुळता असल्यामुळे इम्पेलरच्या एका बाजूच्या शिम (पातळ चकत्या) काढून दुसऱ्या बाजूला घातल्या की इम्पेलर निमुळत्या भागात सरकतो आणि फट पुन्हा कमी होते. शिम संपल्या, तर इम्पेलर किंवा लायनर बदलण्याला पर्याय नाही. पात्यांच्या पुढच्या कडा बोथट झाल्या असतील, तर त्या सपाट कानशीने धारदार करता येतात, पण पुस्तिकेत सांगितलेल्या बाजूनेच. पात्याचा कोन बिघडला की तो हाताने पुन्हा मिळत नाही.

हवा शिरण्याची तक्रार मोटारीच्या उंचीमुळेही येते. तळाला सरळ पट्टी लावून पंपाच्या तोंडाची पुढची कड तळाशी सपाट येते का, ते पाहावे. मोटार वर बसली असेल तर वळणावर हवा शिरून फेरे एकदम चढतात. खाली बसली असेल तर पाण्याचा फवारा उडतो आणि होडी ओढल्यासारखी चालते.

देखभालीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम ग्रीसचे आहे. दर दहा तासांच्या वापरानंतर, आणि दिवसाचे काम संपल्यावर तर नक्कीच, बेअरिंगच्या ग्रीस निपलवरची नळी काढून ग्रीस गन लावावी आणि नळीच्या मोकळ्या टोकातून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे. बाहेर आलेले ग्रीस बोटावर घेऊन पाहावे. थोडा रंग बदललेला चालतो, पण ते दुधाळ, पातळ आलेले असेल तर सीलमधून पाणी आत येत आहे, आणि चिमटीत कण लागले तर बेअरिंग उघडण्याची वेळ झाली आहे. दर तीस तासांनी नेहमीपेक्षा जास्त ग्रीस भरून आतली ओल पूर्ण बाहेर काढावी. ग्रीस पाण्याने न धुपणारेच हवे.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर फ्लशिंगच्या तोंडाला नळ जोडला की इंजिन आतून धुतले जाते, पण पंपाचे घर, रिव्हर्ससाठी झोत वळवणारे गेट आणि सांधे वेगळे धुवावे लागतात. मोटारीऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेले झिंकचे तुकडे अर्धे झिजले की बदलावेत, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पंपावर तांबेयुक्त रंग कधीही लावू नये, कारण खाऱ्या पाण्यात तो रंग धातूच खाऊन टाकतो. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली, तर आधी तिच्या छिद्रात अडकलेले मीठ तारेने मोकळे करावे आणि मग इंजिन थंड ठेवणाऱ्या छोट्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर पाहावा. मोटार कोरडी चालवली की तो फार लवकर जळतो.

इंजिनाचा दोष खरोखरच असेल, तेव्हा टाकीचे हवेचे झाकण, इंधनाच्या नळीवरचा पंपिंगचा फुगा, पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि मग प्लग, हा क्रम ठेवावा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत होडी वर ओढण्याआधी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत, कारण ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमधले इथेनॉल पावसाळी हवेतली ओल शोषते आणि बंदी उठल्यावर रांगेने न सुरू होणाऱ्या मोटारी येतात. पंपात ताजे ग्रीस भरूनच मोटार झाकावी.

सुरक्षेबाबत तडजोड नको. जेटमध्ये न्यूट्रल म्हणजे गेट मधोमध आलेले असते, पण इंजिन चालू असेपर्यंत इम्पेलर फिरतच राहतो. जाळीत हात घालण्याआधी इंजिन बंद, किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढलेली आणि प्लगच्या वायरी सोडवलेल्या असल्याच पाहिजेत. थ्रॉटल सोडल्यावर सुकाणू काम करत नाही आणि रिव्हर्सची ताकद कमी असते, हेही नव्या चालकाला धक्क्याजवळ जाण्याआधी शिकवावे.

हाकेला जाताना पेटीत फीलर गेज, ग्रीस गन, काही शिम, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर आणि शाफ्टच्या दोन-तीन किल्ल्या (इम्पेलर शाफ्टला अडकवून ठेवणारे छोटे तुकडे) ठेवाव्यात. इम्पेलरमध्ये दगड अडकला की ही किल्ली तुटते, फेरे अचानक चढतात आणि ढकल पूर्ण थांबते. शाफ्ट वाचावा म्हणूनच ती मऊ ठेवलेली असते. किल्ली हाताशी नसली की काही जण तिच्या जागी पोलादी खिळा कापून बसवतात. पुढचा दगड मग किल्लीऐवजी शाफ्टच घेतो, आणि नव्या शाफ्टचे पैसे जमेपर्यंत नाखव्याला होडी किनाऱ्यावर ठेवावी लागते.