गावात राजकीय विनोद सादर करताय? या चुका टाळा

आमच्याकडे विदर्भात गणपती, शारदा, ग्रामजयंतीच्या मांडवात आता एखादा पोरगा किंवा पोरगी माईक घेऊन उभी राहते आणि राजकारणावर बोलते. मला याचा मनापासून आनंद आहे. मी अशा पोरांचे कार्यक्रम लावतो, त्यांनी लिहिलेलं आधी वाचतो आणि कार्यक्रम सुरू झाला की मांडवाच्या शेवटच्या खांबाजवळ उभा राहून ऐकतो. लोक किती हसले हे स्टेजवरून कळतं. घरी जाताना ते काय बोलतात हे मागूनच कळतं. बहुतेक वेळा काहीच बोलत नाहीत. हसले, उठले, खुर्च्या गोळा झाल्या, संपलं. राजकीय विनोदाचं खरं काम तर तिथून पुढे सुरू व्हायला पाहिजे. ते का होत नाही याची कारणं वर्षानुवर्षं तीच ती पाहतोय, म्हणून एकदा लिहून काढतो.

नक्कल म्हणजे राजकीय विनोद, हा गैरसमज

नव्या पोराकडे तीन आवाज हमखास तयार असतात. एक दिल्लीचा, एक मुंबईचा, एक आपल्या मतदारसंघातला. नेता खाकरतो कसा, गॉगल कसा चढवतो, भाषणात कुठं थांबतो, सगळं हुबेहूब. लोक खदखदून हसतात आणि पोराला वाटतं, जमलं.

एका तालुक्याच्या गावी असाच एक मुलगा होता. आवाजाची देणगी खरंच मोठी. त्यानं भागातल्या पुढाऱ्याची नक्कल सुरू केली तेव्हा तो पुढारी पहिल्या रांगेत सोफ्यावर बसला होता. मंडळवाल्यांच्या पोटात गोळा आला. पण पुढारी पोट धरून हसला, स्टेजवर गेला, 501 रुपये बक्षीस दिलं आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. सकाळी तो फोटो पुढाऱ्याच्याच स्टेटसवर होता. टीका हसत स्वीकारणारा नेता म्हणून. पुढं त्याच्या वाढदिवसाला तोच पोरगा तीच नक्कल करत होता. गावातून शेताकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यावर तेव्हाही गुडघाभर चिखल होता. त्या चिखलाबद्दल दोन्ही रात्री एक शब्द निघाला नाही.

मी पोरांना सांगतो, ज्याच्यावर बोललास त्यानंच बक्षीस दिलं तर घरी जाऊन कागद पुन्हा वाच. नकलेनं नेत्याचं काही बिघडत नाही. त्याची लकब लोकांना गोड वाटू लागते, तो घरातला वाटू लागतो, आणि त्यानं घेतलेला किंवा लोंबकळत ठेवलेला निर्णय मागच्या मागे निसटतो.

माझी सवय अशी आहे: कागद हातात आला की पेन्सिल घेतो आणि सगळी नावं खोडतो. नेत्यांची, पक्षांची, चिन्हांची. मग उरलेलं वाचतो. उरलेल्यात हसू शिल्लक असेल, तरच तो विनोद मांडवात न्यायचा. एका पोरीनं लिहिलं होतं, "आमच्या पांदणीचं भूमिपूजन तीनदा झालं. आता भूमीच म्हणून राह्यली, बाप्पा, नारळ पुरे झाले, मुरूम आना." यात खोडायला एक नाव नव्हतं. समोर कोणत्याही पक्षाचा माणूस बसलेला असो, गावानं त्याच्याकडे पाहिलंच. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर तिसरा नारळ कोणी फोडला यावरून दोन म्हाताऱ्यांची जुंपली, आणि वाद वाढत वाढत इथवर गेला की येत्या ग्रामसभेत कार्यारंभ आदेशाची प्रतच मागायची. मला राजकीय विनोदाकडून हे एवढंच पाहिजे आहे.

आकडा चुकला की खेळ खलास

ही माझ्या मते सगळ्यात महाग चूक आहे, आणि घाईत असलेली पोरं ती रोज करतात.

2025 च्या गणपतीतली गोष्ट. कापूसपट्ट्यातलं गाव, मांडव भरलेला. पोरानं विषय बरोब्बर निवडला होता. कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क केंद्र सरकारनं 19 ऑगस्टपासून काढून टाकलं होतं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग ती मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपल्या घरात नवा कापूस यायच्या ऐन दिवसांत बाहेरचा कापूस बिनशुल्काचा येणार. पोळा नुकताच झालेला, वावरात पात्या-फुलं लागलेली, घराघरात हीच चर्चा. त्याच सुमाराला, 27 ऑगस्टला, अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. पोरानं दोन्ही बातम्या रीलवर पाहिल्या आणि एकात एक कालवल्या. स्टेजवरून म्हणाला, "सरकारनं कापसावरचा पन्नास टक्के टॅक्स काढला, आता अमेरिकेचा कापूस फुकट!" आणि पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला.

समोर सतरंजीवर बसलेले एक आजोबा जागेवरूनच बोलले, "पन्नास नाही रे बावा, अकरा. पन्नास तर त्यानं आपल्या मालावर लावले. आपण अकरा होते तेही काढले." मग शेजाऱ्याकडे वळून, "तो दार लावून राह्यला, अन् आपण कवाड उघडून राह्यलो."

मांडव दणाणला. आणि हसणं ओसरल्यावर जी शांतता पसरली, ती मी फार कमी वेळा पाहिली आहे. माणसं एकमेकांना विचारू लागली, खरंच काहून काढले? गिरण्यांना स्वस्त कापूस पाहिजे म्हणून, एकानं सांगितलं. मग आपल्या कापसाच्या भावाचं काय, दुसऱ्यानं विचारलं. पोरगा माईकवर बोलतच होता, पण कार्यक्रम आता सतरंजीवर गेला होता. आजोबांकडे कोणतीही युक्ती नव्हती. दोन खरे आकडे त्यांनी शेजारी शेजारी ठेवले, बस.

शेतीवर बोलणाऱ्या पोराला निदान एवढं तोंडपाठ पाहिजे: 2025-26 चा हमीभाव मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला 7710 रुपये, लांब धाग्याला 8110, सोयाबीनला 5328. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, केंद्रावर 8 टक्के आर्द्रतेपर्यंत पूर्ण भाव, त्याहून जास्त असली तर कपात, आणि 12 च्या वर गेली की गाडी परत. हे ज्याला पक्कं माहीत होतं अशा एका पोरानं सांगितलेला किस्सा पाहा. "मीटरनं तेरा दाखवले. साहेब म्हणे, कापूस ओला हाय, घेऊन जा. बाबा म्हणे, साहेब, आठ कापसाचे हायेत, पाच माह्या घामाचे." आकडे हलवून पाहा, विनोद मरतो. घाटंजीपासून आर्वीपर्यंत कुठंही सांगा, लोक आधी हसतील आणि मग केंद्रावरच्या आपापल्या अनुभवावर येतील.

माझा उपाय साधा आहे. कार्यक्रम रात्री असला तरी पोरानं दुपारीच गावात पोचायचं. पानठेल्यावर बसायचं, खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल घेतात त्यात, काय भाव चालू आहे ते विचारायचं, आणि आपल्या कागदातले सगळे आकडे एका कास्तकाराला, म्हणजे शेतकऱ्याला, वाचून दाखवायचे. त्यानं मान हलवली तर ठेवायचे. त्यानं "असं नसते भाऊ" म्हटलं की काट मारायची, वाद घालायचा नाही. एका रुपयातल्या पीक विम्यावरचे विनोद अजूनही काही जण सांगत फिरतात. ती योजना 2023 च्या खरिपात आली आणि 2025 च्या खरिपापासून बंद झाली. आता कापसाला विमा संरक्षित रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो. समोरच्यानं हप्ता खिशातून भरलेला असतो आणि तुम्ही त्याला एक रुपया सांगता.

उसना माल

मुंबई-पुण्याचे व्हिडिओ पाहून ट्रॅफिक, मेट्रो, सोसायटीचा चेअरमन यावरचे विनोद आणणारे पूर्वीपासून आहेत. आता मोबाईलवर एआयला "शेतकऱ्यांवर राजकीय विनोद लिहून दे" म्हणणारेही आलेत. असा एक कागद माझ्याकडे आला, त्यात साखर कारखाना आणि उसाची बिलं होती. इथं बाहेर वावरात तूर उभी, आणि पोरगा उसाच्या थकबाकीवर लोकांना विचार करायला लावणार! मी तो कागद परत दिला. ज्याला आपल्या गावच्या सोसायटीनं कर्जवाटपाला किती उशीर लावला हे विचारायचा कंटाळा येतो, त्यानं राजकारणावर बोलू नये. दुसरे पुष्कळ विषय आहेत.

वऱ्हाडीला विदूषक करू नका

एरवी शुद्ध बोलणारा पोरगा पात्र बावळट दाखवायचं असलं की "काहून बे" वर येतो. लोक हसतातही, कारण टीव्हीनं ती सवय लावली आहे. मला याचा राग येतो. गाडगेबाबा याच बोलीत कीर्तनात प्रश्न विचारायचे आणि हजारोंच्या तोंडून उत्तर वदवून घ्यायचे. ही बोली जाब विचारणारी आहे. विनोदातल्या अधिकाऱ्याला प्रमाण भाषा आणि कास्तकाराला वऱ्हाडी देत असाल, तर निदान शेवटचं शहाणं वाक्य कास्तकाराला द्या.

मेलेल्या माणसावर हसू नये

दारू पिऊन कर्ज बुडवणारा शेतकरी, कर्जमाफीची वाट पाहणारा आळशी शेतकरी, असले विनोद मी कार्यक्रमात ठेवत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी बायको आणि चार लेकरांसह जीव दिला. त्या तारखेला आजही अनेक जण अन्नत्याग करतात. तुमच्या समोरच्या सतरंजीवर कोणाच्या घरात काय घडलेलं आहे हे तुम्हाला माहीत नसतं. मग या विषयावर बोलायचंच नाही का? जरूर बोला. पण शासनाच्या एक लाखाच्या मदतीसाठी प्रत्येक आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र' ठरवली जाते, त्या कागदावर बोला. एका पोरीचं वाक्य मला विसरता येत नाही: "माणूस जितेपणी कशालेच पात्र नव्हता, आता मेल्यावर समिती बसली." मांडवात हसू आलं, अर्ध्यावर थांबलं, आणि बायकांच्या बाजूनं कोणीतरी मोठ्यानं "बरोबर हाय" म्हटलं. ते वाक्य त्या पात्र-अपात्रच्या कागदाबद्दल होतं, आणि तो कागद कसा चालतो हे त्या बाईला ठाऊक होतं.

थांबायची भीती आणि शेवटचं भाषण

नव्या पोराला शांततेची फार भीती वाटते. वाक्य पडलं, लोक क्षणभर गप्प झाले, की हा लगेच समजावून सांगतो, "म्हणजे बघा, मला म्हणायचं असं होतं..." तिथं सगळं जातं. माणूस मनात जोडाजोड करत असतो तेवढा वेळ तरी त्याला द्या. पोळ्याच्या तोरणाखाली झडती, म्हणजे टोमणे मारणारं छोटं गाणं, म्हणणारा काय करतो? चार ओळीत सरपंचापासून मंत्र्यापर्यंत कोणाचीही हजेरी घेतो, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" म्हणतो आणि मोकळा होतो. अर्थ सांगत बसत नाही. बैल पुढं सरकतात आणि झडती मात्र गावात दिवाळीपर्यंत फिरते. माझ्याकडच्या प्रत्येक पोराला मी पोळ्याला एखाद्या खेड्यात उभं राहून झडत्या ऐकायला लावतो. घाई असणारे येत नाहीत, आणि ते पुढं टिकतही नाहीत.

याच भीतीतून शेवटचं भाषण येतं. अर्धा तास छान बोलून झाल्यावर पोरगा गंभीर होतो, आवाज चढवतो आणि "मित्रांनो, आता तरी जागे व्हा" सुरू करतो. लोक टाळ्या वाजवतात. टाळी वाजली की माणसाला वाटतं, आपलं काम झालं. टोचत राहिलेला प्रश्न तुम्ही स्वतःच्या हातानं काढून घेतलात. मी सरळ शेवटचं पान फाडतो. पोरं नाराज होतात, होऊ द्या.

उरलेलं थोडक्यात

जातीवरून, धर्मावरून, आडनावावरून हसवू नका. यात कायद्याच्याही आधी शेजारधर्म येतो.

पुरावा नसताना "फलाण्यानं पैसे खाल्ले" म्हणू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. "काम झालं नाही, बिल निघालं" एवढं कागदासह सांगता येत असेल तर तेवढंच सांगा, ते जास्त झोंबतं.

एकाच पक्षावर बोलणारा पोरगा तिसऱ्या गावात त्या पक्षाचा विरोधक म्हणून ओळखला जातो आणि अर्धा मांडव ऐकायचं बंद करतो. ग्रामपंचायतीपासून सुरू करा. सरपंचावर बोलायची हिंमत नसेल तर पंतप्रधानांवर बोलण्यात काही मर्दुमकी नाही.

डीजेवाल्याचा इको बंद करायला लावा. इकोत गाणं चालतं, बोलणं चालत नाही.

रात्री 10 ला भोंगा बंद होतो. आरती आणि सत्कार लांबले तर शेवटचे विनोद कापा, घाईत उरकू नका.

समोर पन्नास मोबाईल चालू असतात. व्हॉट्सॲपवर तुमच्या विनोदाचं फक्त पहिलं वाक्य जाणार, पुढचं कापलं जाणार, हे धरून चाला. पूर्ण कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग स्वतःकडे ठेवा आणि एक प्रत मंडळाच्या अध्यक्षांकडे त्याच रात्री देऊन या.