न्यूरॉलॉजीला यायचंय? आधी वेळ विचारायला शिका

गोव्यात डिचोलीला घरी गेलो की कुणाची तरी मुलगी हमखास विचारते, "काका, मेंदूचा डॉक्टर व्हायला किती वर्षं?" हिशेब सोपा आहे. इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच, एमडी मेडिसिनची तीन, न्यूरॉलॉजीतल्या डीएम या पुढच्या पदवीची तीन. झाली साडेअकरा, तीही नीट-पीजी आणि नीट-एसएस या प्रवेशपरीक्षा पहिल्या फटक्यात सुटल्या तर. ही वर्षं जातात तशी जातात, त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

खरं काम सुरू होतं पेशंटसमोरच्या खुर्चीत. "घुंवळ येता," म्हणजे चक्कर येते, एवढंच तो सांगतो. घर फिरतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते की चालताना तोल जातो? तिन्हींची कारणं वेगळी. एमआरआय मागवायला एक सही पुरते, पण हे विचारायला दहा मिनिटं लागतात, आणि ओपीडीबाहेर तर रांग लागलेली असते.

लकव्यात एकच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: पेशंटला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे साडेचार तास तिथून मोजायचे, पडलेले सापडले तिथून नव्हे. (आधी सीटी, कारण रक्तस्राव असेल तर हेच इंजेक्शन जिवावर बेततं.) सत्तरी तालुक्यातल्या एका पेशंटच्या सुनेला घड्याळातली वेळ काही सांगता येईना. शेवटी म्हणाली, "पोदेराचा हॉर्न वाजला तेव्हा मामंजींनीच पाव घेतले, बोललेसुद्धा." पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, किती वाजता येतो, हे शेजाऱ्याला फोन करून विचारलं. सव्वासहा. आम्ही वेळेत होतो.

संशोधनाची हौस मला तिथूनच लागली. गावागावातून यायला उशीर का होतो, ते शोधायचं ठरवलं. एथिक्स कमिटीची परवानगी काढली, जुने केसपेपर उपसले, आणि बघतो तर बहुतेकांवर ती वेळच नाही! त्यांतल्या कित्येकांवर अक्षर माझंच. सहा महिने पाण्यात गेले. नवा फॉर्म करून पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. नवख्यांना माझं म्हणणं एवढंच, की आधी रकाने ठरवा, प्रबंधाचा विषय मागाहून.

डॉक्टरांच्या संघटनेतलं पद ऐकायला भारदस्त वाटतं. मी सचिव झालो तेव्हा हॉल ठरव, ऑडिटरच्या मागे लाग, रुसलेल्या सीनियरना फोन कर, यातच वर्ष सरलं. पण त्याच पदामुळे वाळपई, पेडण्यात अॅम्ब्युलन्सवाल्यांसमोर आणि आरोग्य केंद्रांतल्या नर्सेससमोर उभा राहिलो. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं बोबडं, मग फोन, एवढंच सांगायचो. एका नर्सबाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या फॉर्मात वेळ लिहायला जागा आहे, पण ती कशावरून धरली, ते कुठे लिहायचं?"

पुढच्या छपाईत तो रकाना घातला. परवा भरून आलेले फॉर्म चाळत होतो: पोदेर, देवळातली आरती, पहिली बस. एकावर नुसतं "कोंबडा".