शेंदरी अळंबी: आधी खालून बघा

पावसाळा सुरू झाला की टेकडीवर फिरायला जाणाऱ्या आम्हा बायकांच्या ग्रुपवर शेंदरी अळंबीचे फोटो येतात. माझं माहेर पुण्यात भवानी पेठेतल्या लाकडाच्या वखारीचं, म्हणून लाकडावर उगवलेलं काहीही दिसलं की प्रश्न माझ्याकडे. आणि झाडून सगळे फोटो वरून काढलेले! त्यावरून मी काही सांगत नाही.

वेताळ टेकडीवर पडलेल्या गिरिपुष्पाच्या ओंडक्यांवर दिसते ती बहुतेक वेळा ट्रॅमेटिस सँग्विनिया. जुन्या पुस्तकांत तिचं नाव पिक्नोपोरस सँग्विनियस. हिला दांडा जवळजवळ नसतो. अर्धगोल, जेमतेम काही मिलिमीटर जाडीची चकती थेट लाकडातून आडवी निघते. आता वाकून खालची बाजू बघा. तिथे छत्रीखाली असतात तशा पात्या नाहीत, बारीक भोकं आहेत. एका मिलिमीटरमध्ये पाच-सहा मावतील इतकी बारीक, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ती बाजू सपाटच वाटते. भिंग नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. खालचा रंगही लालच हवा, बरेचदा वरच्यापेक्षा गडद. नखाने कड मोडली तर आतही नारिंगी. सिनाबारिन नावाचं रंगद्रव्य अंगभर असतं, ते एका बाजूला कसं थांबेल?

चिवट असल्यामुळे पाऊस संपल्यावरही ती टिकते. मग उन्हाने वरून विटते, फिकट पिवळट होते, आणि लोक तिला वेगळीच जात समजतात. खालून पाहिलं की उलगडा होतो.

गुलमोहराच्या बुंध्याशी येणारी, पॉलिश मारल्यासारखी चकचकीत तांबडी दिसते ती गॅनोडर्मा. ती जाडजूड असते, खालून पांढरट, आणि तिथे ओरखडा काढला की तपकिरी रेघ उमटते. ओल्या लाकडावरच्या इवल्याशा, लिबलिबीत पिवळ्या-नारिंगी जिभा म्हणजे डॅक्रिओपिनॅक्स. त्यांना भोकं नसतात. मातीतून वर आलेली लाल छत्री असेल तर ती ही नव्हेच.

लाकूडही तपासा. शेंदरी अळंबी मेलेल्या लाकडातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखरपणा देणारं द्रव्य, खाते. लाकूड फिकट पडतं आणि हलकं होतं. आमच्या वखारीत दादा असा ओंडका नुसता उचलून बाजूला काढायचे, वासही घ्यायचे नाहीत.

खायची का, हा प्रश्न दर वर्षी येतो. नाही. चामडं चावून बघायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. आणि कुठलीच रानअळंबी फोटोवरून किंवा मोबाईलच्या ॲपवरून ओळखून कढईत टाकू नका.

मला पाठवायचे तर चार फोटो पाठवा: वरून, खालून, मोडलेली कड आणि अख्खा ओंडका. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो.