शयनगृहाचे घासणारे दार आणि सागवानी कपाट

पावसाळ्यात दार घासू लागले की लाकूड फुगले असे समजून रंधा मारण्याची घाई केली जाते. आमच्या शयनगृहाच्या दाराचा मात्र कडीकडचा खालचा कोपराच फरशीला टेकत होता आणि वरच्या बिजागरीपाशी फट वाढली होती. म्हणजे दोष लाकडाचा नसून सैल स्क्रूंचा होता. दाराखाली पाचर सारून भार उचलून धरला, वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून भोकांत फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकल्या, त्या रात्रभर सुकू दिल्या, टोके पटाशीने छाटली आणि बारीक भोके पाडून पूर्वीपेक्षा लांब स्क्रू आवळले. दार मोकळे फिरू लागले.

कपाटाचे काम दिवाळीनंतरच काढले, कारण दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते. १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषेनेच घासले (आडवे ओरखडे पॉलिश चढल्यावर हटकून उठून दिसतात), धूळ पुसली आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख मलमलीत बांधलेल्या कापसाच्या पुरचुंडीने पातळ थरांत चढवली. पलंगाशेजारच्या मेजाला मात्र मेलामाइन पॉलिश (उष्णता सोसणारे, कृत्रिम राळेचे) दिले; गरम कपाचा डाग लाखेवर लगेच पडतो.