फाल्गुनातल्या आठवड्याचं रात्रीचं जेवण ठरवताना या चुका टाळा

महाशिवरात्र झाली की माझा फोन वाजायला लागतो. कधी भाची, कधी मावसबहिणीची सून, कधी गल्लीतली नुकतीच वेगळी राहायला लागलेली पोरगी. म्हणणं एकच: "मावशी, आठवडाभर रात्री काय करायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, तिसऱ्याच दिवशी फिसकटलं." मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात बावीस वर्षांपासून आठ माणसांचा स्वयंपाक करते. दरवर्षी त्याच चुका ऐकून जीव कळवळतो, कारण यातली एकही अवघड नाही. घाई तेवढी सोडायची असते.

आधी हे ध्यानात घ्या की हा काळच दुतोंडी आहे. पहाटे अंगावर शाल लागते आणि मार्चच्या मध्यापर्यंत दुपारचा पारा ३५ च्या पुढे जातो. जानेवारीत मेथीची जुडी चार दिवस राहते, रात्रीचं वरण सकाळी तसंच असतं. फाल्गुनात दोन्ही होत नाही. त्यात हरभरा सोंगणीला, म्हणजे कापणीला, येतो, गहू पिवळा पडायला लागतो, पोरांच्या परीक्षा तोंडावर असतात आणि होळी येते. थंडीतला कागद या दिवसांत चालवायला गेलं की तो फसतोच.

आठवडा सोमवारपासून धरणं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. खेड्यात आठवडा सोमवारी सुरू होत नाही, बाजाराच्या दिवशी सुरू होतो. आमचा बाजार गुरुवारी. म्हणजे आमचा आठवडा गुरुवार ते बुधवार.

माझी धाकटी जाऊ शहरात वाढलेली, हुशार, नीटनेटकी. लग्नानंतरच्या पहिल्या फाल्गुनात तिनं सुंदर अक्षरात वेळापत्रक लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं. सोमवारी वांगी, मंगळवारी मेथी, बुधवारी पालकाची डाळभाजी, आणि पुढे गुरुवारी आलू, शुक्रवारी झुणका. मी तेव्हा माहेरी होते. गुरुवारच्या बाजारातून आलेली ताजी मेथी आणि पालक तिनं पिशवीतच ठेवले, कारण त्यांची पाळी मंगळवार-बुधवारची होती. ताज्या भाजीच्या दिवशी घरात आलू शिजले आणि बुधवारी संध्याकाळी तिनं पालकाची पिशवी उघडली तर आत हिरवा चिखल. त्याच दिवशी थ्रेशर आलं. हरभरा अंधार पडेपर्यंत निघत राहिला आणि जेवायला घरच्यांशिवाय चार माणसं जास्त. घरात एक पत्ताकोबी आणि अर्धा किलो कांदे. मला फोन आला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. "ताई, बारा लोक आहेत," एवढंच म्हणाली.

मी तिला डबे उघडायला लावले. बेसन होतं, लसूण होता, जवसाची चटणी होती. कांदा बारीक चिरून, तेलात लसूण आणि लाल तिखट घालून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, चून (झुणका) केलं, सोबत भाकर आणि चटणी. सगळे पोटभर जेवले. चूक तिची एकटीची नव्हती, तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता आमच्याकडे असं चालतं. गुरुवारी रात्री मेथीचं आळण, म्हणजे बेसन लावलेली पातळ भाजी. शुक्रवारी पालक, डाळभाजीत. शनिवारी वांगी, कारण ती दोन दिवस थांबतात. रविवारी भाजीच नाही, गोळ्याची कढी, हरभऱ्याची डाळ सकाळीच भिजवलेली. सोमवारी शेवग्याच्या शेंगा, या दिवसांत त्या भरपूर असतात आणि पाच दिवस सहज टिकतात. मंगळवारी झुणका नाहीतर पाटोडीचा रस्सा. बुधवारी मूगवड्या किंवा सुकवलेली हरभऱ्याची भाजी. नाजूक पाला आधी, शेंग-फळ मधे, डाळ-बेसन-वाळवण शेवटी. दिवस बदलला तरी हा क्रम मोडत नाही.

पाल्याचं एक सांगते. मेथीच्या जुडीत पांढरट-पिवळी फुलं दिसली तर ती घेऊ नका, उन्हानं ती फुलावर येते आणि कडू निघते. पालकाला मधोमध उंच दांडा फुटला असेल तर तोही राहू द्या. घरी आणल्यावर त्याच संध्याकाळी निवडायचं, धुवायचं मात्र नाही. मी माठाच्या खालच्या ओल्या रेतीवर दुरडी ठेवते, तिच्यात कोरड्या सुती फडक्यात गुंडाळलेला पाला. सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेल्यात पाणी घेऊन मुळांवर उभा करते, दोन दिवस टवटवीत राहतो. फ्रीज आहे म्हणून ओली जुडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं: फ्रीज सडणं थांबवत नाही, लांबवतो, आणि ओल्या पिशवीत तेही होत नाही.

डाळीला कोणतंही पाणी चालतं असं समजणं

माझं माहेर अचलपूरकडचं. तिकडचं पाणी गोडं, डाळ दोन शिट्ट्यांत मऊ होते. सासर पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय आणि इथलं जमिनीतलं पाणी खारं आणि जड आहे. लग्न ठरताना हे कोणी सांगत नाही.

लग्नानंतरचाच फाल्गुन. मामेसासरे पहिल्यांदा घरी जेवायला आलेले. मी डाळभाजी ठरवली: तुरीची डाळ, मूठभर हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, पालक. बोअरचं पाणी घातलं आणि वेळ वाचावा म्हणून नवी चिंचही आधीच टाकली. चार शिट्ट्यांनंतर कुकर उघडला तर पालक विरघळून गेलेला आणि डाळीचा दाणा न् दाणा अख्खा. बोटानं दाबला तर आत पांढरी कणी. अजून सहा शिट्ट्या केल्या. तीच गत. बाहेर ताटं मांडलेली. सासूबाई आत आल्या, कुकरात डोकावल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. ताक घुसळलं, बेसन लावलं, दहा मिनिटांत कढी उकळली. पाहुणे कढी-भाकर जेवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पाण्याच्या मांडणीपाशी नेलं. कोपऱ्यात झाकलेलं पितळी गुंड (घागर) होतं, पिण्याच्या नळाच्या पाण्याचं. म्हणाल्या, "सूनबाई, बोरचं पानी डाळीले चालत नाही वो. ह्या गुंडातलं घेत जाय, भिजवाले बी हेच." तेव्हापासून आमच्या घरात डाळीचं गुंड वेगळं आहे आणि त्यात दुसरं कोणी पेला बुडवत नाही.

कारण सांगते, म्हणजे लक्षात राहील. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं, मग दाण्याच्या पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत आणि दाणा फुटत नाही. आंबट पदार्थही तेच करतो, म्हणून चिंच, टमाटर, कैरी, अंबाडी हे सगळं डाळ पूर्ण शिजल्यावर. या दिवसांत झाडावरून नुकती उतरवलेली चिंच घरोघरी असते आणि हात तिकडे आपोआप जातो, तेव्हा जपा.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे जुनी आणि नवी डाळ एका डब्यात ओतणं. जानेवारी-फेब्रुवारीत नवी तूर घरात येते, डाळ करून येते आणि डबा रिकामा करायचा कंटाळा म्हणून वरूनच ओतली जाते. उन्हाळा-पावसाळा काढलेली डाळ कडक होते, ती नव्या डाळीच्या दीडपट वेळ घेते, कधी त्याहून जास्त. दोन्ही एकत्र लावल्या तर नवी पिठूळ होऊन तळाला लागते आणि जुनी वर कच्ची तरंगते. मी जुनी डाळ वेगळ्या डब्यात काढून तिचे फुणके, म्हणजे वाटल्या डाळीचे वाफवलेले गोळे, करून संपवते, कारण त्यासाठी ती वाटलीच जाते.

खायचा सोडा घालून डाळ लवकर शिजते, हे खरं आहे. मला ते पटत नाही. चव साबणासारखी लागते आणि डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व सोड्यानं नष्ट होतं. घरात वाढीची पोरं असताना अर्ध्या तासासाठी हे करू नये. अर्धा तास आधी भिजवा, तेवढंच काम आहे. आणि डाळ कच्ची राहिलीच तर वरून शिट्ट्या मारत बसू नका. खारं पाणी ओतून द्या, गोडं पाणी उकळून घाला, उघड्या गंजात शिजू द्या आणि रवीनं घोटा. आंबट पडलेलं असेल तर मात्र नाद सोडा, निथळून वाटा आणि ज्वारीच्या पिठात मिसळून थालीपीठ लावा.

घरातली डोकी मोजून थांबणं

सोंगणीच्या आठवड्यात कमीत कमी दोन रात्री जास्तीची माणसं जेवतात. त्या कोणत्या हे आधी कळत नाही. म्हणून त्या आठवड्यात वाढवता येणारे पदार्थच धरा: कढी, झुणका, पातळ वरण, रस्सा. भरल्या वांग्याच्या दिवशी चार माणसं आली तर वांगी वाढत नाहीत.

वेळेचंही तसंच. माझ्या माहेरी गव्हाला आणि संत्र्याला पाणी द्यायचं असतं आणि शेतीची थ्री फेज लाईन, म्हणजे मोटरची वीज, कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत माझा भाऊ जेवून मोटर सुरू करायला जातो. त्या आठवड्यात वहिनी साडेसातलाच ताट वाढते आणि जड काही करत नाही, कारण भरल्या पोटी बांधावर उभं राहवत नाही. पिशवी घेऊन बाजाराला निघण्याआधी लाईन कधीची आहे ते घरातल्या माणसाला विचारा.

बाकीच्या, थोडक्यात

आठवड्याचं वाटण एकदम करून ठेवू नका. कांदा-लसणाचं ओलं वाटण या उन्हात तिसऱ्या दिवशी वास मारतं. मी खोबरं, तीळ, धणे भाजून कोरडी पूड करून ठेवते आणि कांदा रोज भाजते. लसूण नवा आलेला असताना पाकिटातली पेस्ट का आणायची, हे मला अजून समजलेलं नाही.

रात्रीचं वरण सकाळसाठी ठेवायचं असेल तर खरकटा डाव त्यात घालू नका. जेवणाआधीच वेगळं काढा आणि निवल्यावर झाका, गरम असताना नाही.

ज्वारीचं पीठ दहा दिवसांपेक्षा जास्तीचं दळून आणू नका. त्याची विरी (चिकटपणा) जाते, भाकर थापताना काठ फाटतात आणि नव्या सुनेला वाटतं आपल्यालाच जमत नाही. आठवड्याला एक दळण, तेही बाजाराच्या आदल्या दिवशी, लाईन असेल तेव्हा. फाटतच असेल तर उकळतं पाणी घालून मळा.

आलूवर आठवडा काढू नका.

होळीच्या दिवशी पुरण, दुसऱ्या दिवशी धुळवडीला ज्यांच्याकडे चालतं त्यांच्याकडे मटण. त्यामुळे त्या दोन रात्री कागदावर भाजी लिहूच नका, नाहीतर ती पडून राहते. तिसऱ्या रात्री मात्र साधा भात, पातळ वरण आणि लिंबू ठेवा, घरातले सगळे आपणहून मागतात.

कोरडं जेवण घरात न ठेवणं

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगावं लागत नाही. गहू आडवा झाला, हरभऱ्याचे घाटे गळाले, आणि पुढचे बाजार बिनभाजीचे गेले. जी मेथी आली तिला छिद्रं पडलेली. आमच्या घरी त्या दिवसांत सुकवलेल्या भाज्यांनी हात दिला. तेव्हापासून माझ्या फळीवर दोन रात्रींचं कोरडं जेवण कायम असतं: एक डबा मूगवड्यांचा आणि एक हरभऱ्याच्या सुक्या भाजीचा.

ही भाजी आत्ता करता येणार नाही, तेवढं लक्षात ठेवा. हरभरा पेरल्यावर महिना-दीड महिन्यात, फुलावर येण्याआधी शेंडे खुडायचे असतात, त्यानं झाडाला फांद्याही जास्त फुटतात. सावलीत वाळवून, हातानं चुरून, घट्ट झाकणाच्या डब्यात. फाल्गुनात काढायची, कोमट पाण्यात भिजवायची, लसणाची सढळ फोडणी द्यायची आणि थोडं बेसन भुरभुरायचं. पाल्यात आंबटपणा मूळचाच असतो, चिंच लागत नाही. यंदा डबा नसेल तर मूगवड्यांवर भागवा. उन्हं चांगली पडायला लागली आहेत, मुगाची डाळ आज रात्री भिजत घातली तर उद्या सकाळी खाटेवर जुनं धुतलेलं लुगडं अंथरून वड्या घालता येतील.