पॅलेडियमची नळी जपायची कशी

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी हायड्रोजन शुद्ध करणारं युनिट सांभाळतो. त्यातली पॅलेडियम या धातूची पहिली नळी गमावली ती जूनमधल्या एका रात्री. धो धो पाऊस, वीज गेली, भट्टी थंड होत गेली आणि हायड्रोजन आतच राहिला. सकाळी नळीवर केसाएवढा तडा. आजही वाईट वाटतं.

कारण समजून घ्या. पॅलेडियमच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे रेणू फुटून अणू होतात, धातूतून पलीकडे जातात आणि तिथे पुन्हा जुळतात. बाकीचे वायू अडतात. पण साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या खाली शुद्ध पॅलेडियम हायड्रोजन शोषून फुगतं, आकसतं, तडकतं. सुमारे २३ टक्के चांदी मिसळली की धोका बराच कमी होतो, संपत नाही.

म्हणून आधी नायट्रोजनमध्येच नळी हळूहळू ४०० अंशांपर्यंत तापवा, मगच हायड्रोजन सोडा. बंद करताना उलट: गरम असतानाच नायट्रोजनने हायड्रोजन पूर्ण हुसकावा, मग थंड करा. वीज जाणारच हे धरून चाला. वीज गेल्यावर नायट्रोजनचा व्हॉल्व्ह आपोआप उघडेल आणि हायड्रोजनचा बंद होईल, असेच व्हॉल्व्ह निवडा.

गळती बघायची तर थंड नळीत दाबाने नायट्रोजन भरा आणि पलीकडच्या काचेच्या नळीत साबणाचा बुडबुडा सोडा. तो जागचा हलला, तर कुठेतरी भोक आहे. गंधकयुक्त वायू मात्र आधीच गाळून काढा. त्याने पृष्ठभाग निकामी होतो. बाहेर सोडायचा हायड्रोजन पाइपने छपराच्या वर न्या.